रोबोटचे डोळे

डब्यावरच्या चित्रात त्याचे डोळे पेटलेले होते आणि छातीत पिवळा उजेड होता. मुलाच्या पुण्यातल्या नव्या घरासाठी आम्ही मायलेक पडदे घ्यायला बाहेर पडलो होतो, तेव्हा एका मोठ्या दुकानात काचेआड तो दिसला. फूटभर उंच, करड्या रंगाचा रोबोट. खांदा, कोपर, मनगट, एवढंच काय, बोटंसुद्धा वेगवेगळी वळणारी. मी काचेसमोर उभी राहिले ती राहिलेच. माझं वय बावन्न, अंगावर सुती साडी, हातात कोथिंबिरीची जुडी असलेली पिशवी. दुकानातल्या मुलीनं अदबीनं विचारलं, "नातवासाठी का मॅडम?" मी म्हणाले, "नाही, माझ्यासाठी." ती छान हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय.

पडदे राहिले, रोबोट आला. तुळजापूरला घरी पोचल्यावर डबा उघडला, तर डोळे नुसते रंगवलेले. छातीवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका, बस्स. माझं डोकंच फिरलं. चिडणं हा तसा माझा मूळ स्वभाव. जळकोटच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि माझ्या तासाला वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. ते काही पोरांच्या प्रेमापोटी नाही. मी मुलाला फोन लावला आणि दुकानदारानं फसवल्याचं सांगितलं.

"आई, डब्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघ," तो म्हणाला. "चित्रातले दिवे सोबत मिळत नाहीत. ते लोक स्वतः बसवतात."

"कोण लोक?"

"असतात गं. असली खेळणी जमवणारे, शौकीन. ती उघडतात, रंगवतात, त्यात दिवे घालतात."

मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. खरंच तसं लिहिलं होतं. मग डबा मिटवून ठेवला आणि ठरवलं की ते लोक म्हणजे आपणच.

आमचं घर देवळापासून चालत दहा मिनिटांवर आहे, आणि तुळजापुरात देवळापासून चालत दहा मिनिटांवर घर असणं म्हणजे काय, हे तिथं राहणाऱ्यालाच कळतं. ज्यांची ज्यांची कुलदेवी भवानी, ते सगळे आपले पाहुणे. नात्यातले तर येतातच, नात्यातल्यांचे शेजारीही येतात. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, दोन्ही नवरात्रं. गादीचे अभ्रे दोरीवरून कधी उतरतच नाहीत. माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांना हे सगळं मनापासून आवडतं. हाताचे फार सढळ. कुणी म्हणावं, "ही छत्री छान आहे हो," की ती छत्री त्याच्या हातात. आजवर असं माझं एक स्वेटर गेलंय, दोन चांगले डबे गेलेत, आणि एकदा तर मी दळणाला दिलेले गहू पीठ होऊन परस्पर पाहुण्यांबरोबर लातूरला गेले. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. देवमाणसाच्या बायकोला काय म्हणतात, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर अशा घरात मी दिवाळीच्या सुट्टीत जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि त्या रोबोटचं डोकं काढलं.

पहिली चूक सांगायलाच हवी. पंचवीस वर्षं मी फळ्यावर ओहमचा नियम लिहीत आलेय. दिव्याच्या आधी रोध जोडा, नाहीतर दिवा जळेल, हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकेन. आणि मी काय केलं? तांदळाच्या कणीएवढा लाल दिवा घेतला आणि तो थेट जुन्या मोबाईलच्या बॅटरीला लावून पाहिला, नुसता "लागतो का" म्हणून. तो एकदाच लखकन लागला आणि कायमचा गेला. शेजारी बसून दाणे सोलत असलेल्या यजमानांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." वर्गातल्या एखाद्या पोरानं हे केलं असतं, तर मी त्याला अर्धा तास सोडलं नसतं.

दिवे मिळाले, पण जोडायच्या तारा केसाएवढ्या बारीक. माझ्या हातातली सोल्डरिंगची काडी त्यांच्यापुढं मुसळच होती. स्टँडजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं गेले. चाळिशीचा शांत माणूस. त्यानं माझी काडी पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाला, "म्याडम, ह्यानं बादली जोडत्यात. बसा हितं." मग त्यानं मला आपल्या भिंगाखाली बसवलं आणि तारेवरचा लाखेचा थर आधी कसा खरवडायचा, टोकाला कथिलाचा थेंब आधी कसा घ्यायचा, श्वास कधी रोखायचा, ते दाखवलं. श्वास रोखायचं कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. चार शनिवार मी शाळेतून परस्पर त्याच्या दुकानात गेले. तो भोवतीच्या गिऱ्हाईकांना अभिमानानं सांगायचा, "म्याडम शिकायल्यात." कुणासाठी, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. त्या वर्षात मला भेटलेला असा तो एकटाच.

डोळ्यांना भोकं पाडायची होती. हातानं फिरवायचं बारीक ड्रिल आणलं आणि दोन रविवार नुसतं फिरवत बसले. घाई केली की प्लॅस्टिक तडकतं, हे मला रोबोटच्या डाव्या कानानं शिकवलं. तो तडकलेला कान अजून नीट पाहिला तर दिसतो. मग दिवे आत बसवले, लावून पाहिले, तर डोळ्यांऐवजी अख्खं डोकं गुलाबी झालं. प्लॅस्टिकमधून उजेड झिरपत होता. ताप आल्यासारखं ते तोंड पाहून मला हसू आवरेना. गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी पत्रा कापून डोक्याला आतून अस्तर लावलं, त्यावर काळा रंग दिला. मग कुठं उजेड डोळ्यांतूनच यायला लागला.

छातीचा दिवा मला पिवळाच हवा होता, पण भडक नको. दुकानात मिळणारा पिवळा दिवा फटफटीत. बरेच दिवस अडले. एकदा भांडी घासताना हातातली बांगडी वाढली. मधाच्या रंगाची होती. तुकडा उचलून खिडकीपुढं धरला आणि तिथंच साबणाच्या हातानं ओरडले, "सापडलं!" यजमान बाहेरून म्हणाले, "काय हरवलं होतं?" तो तुकडा पाट्यावर घासून घासून गोल केला, नखाएवढा. मागं पांढरा दिवा ठेवला. असा ऊबदार उजेड पडला, की मी ताट वाढायचं विसरले.

शेवटी प्रश्न राहिला कळीचा. बटण बाहेर दिसलं की सगळी शोभा गेली. त्यासाठी मी प्रयोगशाळेत दाखवतो तसली कळ मागवली: काचेची इवलीशी नळी, आत दोन पात्या, चुंबक जवळ आलं की पात्या चिकटतात आणि प्रवाह सुरू होतो. ती रोबोटच्या पाठीत, डाव्या खांद्याखाली बसवली. शेजारी आतून एक लोखंडी स्क्रू, म्हणजे चुंबक तिथं चिकटून राहतं. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. चुंबक माझ्या पर्समध्ये. ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो डोळे उघडून दाखवणार.

संक्रांतीच्या आसपास तो पुरा झाला. संध्याकाळ होती. स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, ओट्यावर त्याला उभा केला, चुंबक लावलं. दोन लाल डोळे आणि छातीत मध. मी खूश झाले. साधी खूश नाही. बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा झाले होते, तेवढी. बाहेर हाक मारली, "अहो, बघायला या." ते फोनवर होते. शाकंभरी नवरात्रात कोण कुठं उतरणार, याची जुळवाजुळव चालली होती. "आलो, आलो," म्हणाले. पोळ्या झाल्या तरी आले नाहीत. मी चुंबक काढून घेतलं आणि रोबोट बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये नेऊन ठेवला. मनाशी म्हटलं, आता विचारतील तेव्हाच दाखवीन. त्यांनी विचारलं नाही. मीही हट्टाला पेटले. रोज सकाळी मऊ ब्रशनं त्याच्यावरची धूळ झाडायची, आणि ते नसताना कधी मिनिटभर लावून बघायची, एवढंच चालू राहिलं. आता वाटतं, त्यात थोडी चूक माझीही होती. तेव्हा अजिबात वाटत नव्हतं.

त्या नवरात्रात माझ्या थोरल्या नणंदबाई येरमाळ्याहून आल्या, सोबत सहा वर्षांची नात. त्यांच्या गावी स्वतःची येडेश्वरी आहे, तरी वर्षातून एकदा त्या भवानीच्या पायावर डोकं ठेवायला येतातच. यजमानांना त्यांनी आईसारखं वाढवलेलं. त्यांचे पती चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आणखी कमी बोलतात, पण बोलल्या की घरात दुसरं कुणी बोलत नाही. मी त्यांना वन्सं म्हणते आणि लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसत नाही. तीन दिवस राहिल्या. नात शोकेसच्या काचेला नाक लावून उभी असायची. मी तिला दोनदा रोबोट काढून दाखवला, हात वरखाली करू दिले, आणि परत ठेवला. दिवे दाखवले नाहीत. एकदा दाखवले की पोरगी सोडणार नाही, ही माझी मास्तरणीची अक्कल.

शनिवारी सकाळची शाळा. त्या दुपारच्या गाडीनं जाणार होत्या, म्हणून पहाटेच मी वन्संच्या पाया पडले आणि जळकोटला गेले. परत आले तेव्हा एक वाजून गेला होता. चप्पल काढता काढता नजर शोकेसकडं गेली. पितळी समई होती, मुलाला शाळेत बक्षीस मिळालेली ढाल होती, मधे रिकामी जागा होती.

"अहो, रोबोट कुठाय?"

यजमान पेपर वाचत होते. "ते बाहुलं व्हय? पोरीला दिलं. लई नादावली होती बघ त्याला. आक्का नको नको म्हणत होती, मीच पिशवीत घातलं."

मी शोकेसची काच सरकवून त्या रिकाम्या जागेवर हात फिरवला.

"आपल्या घरात कोण खेळणार त्याच्याशी?" ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "नुसतं धूळ खात पडलं होतं."

"धूळ?" मी म्हणाले. "धूळ?" दुसऱ्यांदा म्हणताना आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असणार. "ते माझं होतं. मी विकत घेतलं, तीन महिने डोळे फोडून मी त्यात दिवे बसवले. तुम्ही कोण देणारे?"

ते खरोखर गोंधळले. चष्मा काढून माझ्याकडं पाहत राहिले. "अगं, खेळणं आहे ते. आणि दिलेलं कुणी परत मागतं का? तेबी आक्काला? माहेरवाशिणीच्या पिशवीतनं काढून आणणार का आता?"

"हो," मी म्हणाले, आणि काढलेली चप्पल परत घातली.

रस्त्यात निम्म्यावर येईपर्यंत राग पुरला. कुंकवाची, परड्यांची, कवड्यांच्या माळांची दुकानं, दर्शनाला निघालेली माणसं, सगळ्यांमधून मी तरातरा चालत होते. मग राग ओसरला आणि त्याच्या जागी भीती आली. मी जाऊन म्हणणार काय? बावन्न वर्षांची बाई, चार लोकांत, एका पोरीच्या हातातलं खेळणं मागणार. नणंदेला भावानं दिलेली वस्तू भावजयीनं गाडीत चढून परत नेली, ही गोष्ट पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगितली जाईल. परत फिरावं असं दोनदा वाटलं. पण परत फिरले असते तर त्या रिकाम्या जागेकडं पाहत मला जगावं लागलं असतं, आणि मी स्वतःला ओळखते. मी यजमानांना ते कधीच माफ केलं नसतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

स्टँडवर येरमाळ्यावरून जाणारी बीडची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर अजून चढला नव्हता. वन्सं तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसल्या होत्या, शेजारी नात, आणि नातीच्या मांडीवर तो. ती त्याच्या छातीवर बोट दाबत होती.

"मामीआजी," मला पाहताच ती म्हणाली, "ह्याचं बटन कुठंय? लागतच न्हाय."

"काय गं, शाळेतनं तशीच आलीस?" वन्सं म्हणाल्या. "आमचं काय ऱ्हायलं का घरी?"

"तुमचं नाही राहिलं, वन्सं," मी म्हणाले. "माझं एक तुमच्याबरोबर आलंय."

त्यांनी माझ्या नजरेच्या रोखानं खाली पाहिलं. "हे?"

"हो."

"त्यो म्हणला, पडूनच हाय घरात."

"पडून नव्हतं. माझं आहे ते. माझ्यासाठी घेतलंय मी. त्याच्यात दिवे बसवलेत."

"दिवे?"

शब्दांनी काही होणार नव्हतं. मी पर्समधून चुंबक काढलं, पोरीच्या शेजारी बाकाच्या कडेला टेकले आणि वन्संच्या अंगावरची शाल ओढून तिघींच्या डोक्यावर घेतली. वन्संच्या अंगावरच्या वस्त्राला मी आयुष्यात पहिल्यांदा असा हात घातला. शालीखाली अंधार झाला. मी चुंबक त्याच्या पाठीला लावलं.

पोरीनं "आई गं" म्हणून श्वास घेतला. वन्सं पुढं झुकल्या. लाल डोळे त्यांच्या चष्म्यात दिसत होते. त्यांनी बोट पुढं करून छातीवरच्या पिवळ्या काचेला लावलं आणि भाजेल म्हणून मागं घेतलं, मग परत लावलं.

"बांगडी हाय व्हय ही?"

"हो. वाढलेली."

"हे समदं तू केलंस? हातानं?"

"हो. दिवाळीपासनं."

"आन त्यानं बघितलं न्हाय कधी?"

मी गप्प राहिले. शालीखाली गप्प राहिलेलंही ऐकू येतं.

"गाढव हाय," वन्सं आपल्या भावाबद्दल म्हणाल्या, आणि शाल काढली.

बाहेर सगळी गाडी आमच्याकडं पाहत होती. वन्संनी पोरीच्या मांडीवरून रोबोट उचलला, माझ्याकडं करायला हात पुढं केला आणि थांबल्या. हात मागं घेतला. त्यांचा चेहरा अवघडला. "कसं देऊ गं परत?" त्या हळूच म्हणाल्या. "माहेरचं दिलेलं म्या आजवर कधी माघारी धाडलं न्हाय. तसं केलं की माहेर तुटतं म्हणत्यात. आता तेवढंच ऱ्हायलंय मला."

आता माझीच पंचाईत झाली. ओढून घ्यायची तयारी करून आले होते. यावर काय बोलायचं याची तयारी नव्हती. "राहू द्या मग," हे शब्द तोंडापर्यंत आले होते. ड्रायव्हर वर चढला. कंडक्टरनं पुढून विचारलं, "मावशी, येणार का उतरणार?"

"थांब रे बाबा जरा," वन्सं त्याला म्हणाल्या. "ओटी भरायलेय."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी पायाजवळची पिशवी वर घेतली. देवीच्या ओटीतून प्रसाद म्हणून मिळालेला हिरवा खण काढला, नारळ आणि तांदूळ काढले, कुंकवाची पुडी सोडली. परत केलेलं तुटतं, पण ओटीत घातलेलं घालणाऱ्याचं राहत नाही. ते जिच्या पदरात पडलं तिचं. हे आम्हा दोघींना सांगावं लागणार नव्हतं.

पोरीचा ओठ थरथरायला लागला होता. मी चुंबक तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "हे तुझं. गाडीत लोखंड कुठं कुठं आहे, ते ह्याला बरोबर कळतं." तिनं संशयानं ते खिडकीच्या गजाला लावलं. टक्‌ करून चिकटलं. ओढून काढलं, पुन्हा लावलं. मग बाकाच्या नळीला. मग खालच्या पत्र्याला. ती बाकाखाली उतरली ती आमच्याकडं परत पाहीना.

मी उभी राहून पदर पसरला. वन्संनी कुंकवात बोट बुडवलं, आणि ते बोट तसंच राहिलं. भाऊजी गेल्यापासून त्यांनी कुणाला कुंकू लावलेलं नव्हतं. घरात हळदीकुंकू असलं की त्या आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. कुणी त्यांना आत बसा म्हटलं नव्हतं, आणि हेही खरं की कुणी त्यांना बाहेर या म्हटलं नव्हतं. मीही नाही.

"चालंल का तुला माझ्या हातचं?" त्यांनी विचारलं. मला अठ्ठावीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं, एरवी सांगत.

"चालतंय, वन्सं. लावा," मी म्हणाले आणि कपाळ पुढं केलं. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळं कुंकू लावताना त्यांच्याकडं नीट पाहता आलं नाही. बोट गार होतं. मग पदरात खण पडला, त्यावर नारळ, त्यावर मूठभर तांदूळ, आणि त्या सगळ्यावर त्यांनी दोन्ही हातांनी रोबोट आडवा ठेवला. मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "बया, ओटीत यंत्राचा बाहुला!" आणि दोनतीन जणी हसल्या. वन्संही हसल्या. त्या चिंचोळ्या जागेत मी जमेल तशी वाकून त्यांच्या पाया पडले. कंडक्टरनं डबल बेल मारायच्या आत खाली उतरले.

पदराची ओटी तशीच धरून मी घरी चालत आले. वाटेत दोघांनी विचारलं, कुठल्या दुकानात मिळालं, केवढ्याला पडलं. मी त्यांना म्हटलं, विकत मिळत नाही.

यजमान दारातच उभे होते. जेवले नव्हते. माझ्या पदराकडं पाहून त्यांचा चेहरा पडला. "आणलंस?" ते म्हणाले. "आक्का रागावली का गं?"

"वन्संनी ओटी भरली माझी. ओटीत घातला."

ते माझ्या कपाळाकडं पाहत राहिले. "आक्कानं? स्वतः लावलं कुंकू?"

"हो."

ते मागं सरकून खुर्चीत बसले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, आणि चष्म्याच्या आधी डोळे पुसले. मी खण घडी करून ठेवला, तांदूळ वाटीत काढले. भांडायचं बरंच काही मनात रचून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मला वाटलं, तू ते आपल्याला नातवंड होईल तेव्हासाठी ठेवलंयस," ते म्हणाले. "म्हटलं, तोवर जुनं होईल. आत्ता एक लेकरू रडतंय, तर त्याला द्यावं."

"ते मी माझ्यासाठी ठेवलंय."

"व्हय," ते म्हणाले. "ते आज कळलं." आणि थोड्या वेळानं, "दिवे लागतात म्हणालीस ना? दाखव की."

चुंबक येरमाळ्याच्या वाटेवर होतं. मी फ्रिजवरचं देवीच्या फोटोचं चुंबक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते छातीला लावलं, मग डोक्याला, मग पोटाला. मी सांगितलं नाही. थोडा राग अजून शिल्लक होता. शेवटी त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मी म्हणाले, "पाठीवर. डाव्या खांद्याखाली." डोळे उघडले. दुपारचा उजेड असूनही छातीतला पिवळा दिसत होता. ते वाकून पाहत राहिले. मग जाऊन दार लोटून आले, खिडकी लावली, आणि परत बसून पाहत राहिले.

"हे कधी केलंस तू?"

"दर रविवारी. तुम्ही इथंच शेजारी दाणे सोलत होता."

त्यांनी मान हलवली. "ह्यात करंट येतो कुठनं?"

इतकी वर्षं मी हे शेकडो पोरांना शिकवलं. घरात कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी रोबोट उताणा ठेवला, त्याची पाठ उघडली, आणि त्यांची खुर्ची जवळ ओढून घेतली.

"ही बॅटरी," मी म्हणाले. "इथून सुरुवात."